चार भोकांची रिम

रस्त्यात एखादी अनोळखी गाडी उभी दिसली की मराठी माणूस आधी तिच्याभोवती एक फेरी मारतो, मग टायरला हळूच एक लाथ घालतो आणि मग निकाल देतो. मोजमाप हा प्रकार या क्रमात कुठेच येत नाही. लाथ मात्र सक्तीची. त्या लाथेतून नेमकं काय कळतं, हे मी पुष्कळांना विचारलं. "अंदाज येतो" यापलीकडे कुणी काही सांगत नाही.

आमच्या अण्णांची गाडी सध्या कोल्हापुरात आमच्या दारात उभी राहून असे अंदाज पुरवत असते. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, गणिताचे निवृत्त शिक्षक. लहानपणी पोलिओनं डाव्या पायातली ताकद गेली, ती सगळी जिभेत उतरली असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. पहिली गाडी थकली तेव्हा त्यांनी मिरजेहून ही जुनी गाडी घेतली. ज्यांची होती ते गृहस्थ वारले होते आणि त्यांच्या मुलाला एवढंच ठाऊक होतं, की "बाबांनी कुठनं तरी करून आणली होती." त्या 'कुठनं तरी'वर आमच्या गल्लीत जेवढी चर्चा झाली तेवढी महापालिकेच्या अंदाजपत्रकावर महापालिकेतही होत नसेल.

पुढचा अर्धा भाग ओळखायला कुणाची गरज नव्हती. कायनेटिक होंडा. पुण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा 1984 मध्ये एकत्र आल्या आणि ही बटण दाबलं की सुरू होणारी, गिअर नसलेली, 98 सीसीची स्कूटर निघाली. तोवर आपल्याकडे स्कूटर म्हणजे आधी ती एका अंगावर कलवायची, मनात देवाचं नाव घ्यायचं आणि मग किक मारत सुटायचं. एक पाय साथ देत नसेल त्याला हे सोहळे कसे झेपणार? म्हणून दिव्यांगांनी ही गाडी उचलून धरली आणि गावोगावच्या वेल्डरांनी तिला दोन्ही अंगांनी चाकं लावून द्यायला सुरुवात केली.

यात गंमत अशी, की मूळचं मागचं चाक कुणी काढत नाही. ते मधोमध तसंच राहतं आणि गाडी पुढे ढकलण्याचं काम तेच करतं. बाजूची दोन चाकं नुसती तोल सांभाळतात. त्यांना ना इंजिन, ना ब्रेक. म्हणजे पुढचं एक, मधलं एक, बाजूची दोन, एकूण चार. तरी तिला सगळे तीनचाकीच म्हणतात. अण्णांनी एकदा चौकातल्या एका हवालदाराला ही चाकं बोट लावून मोजून दाखवली. तो शांतपणे म्हणाला, "सर, मधलं धरत नाहीत." सगळा भार ओढणारा तेवढा हिशेबात नाही, बाजूला नुसते उभे राहणारे मोजले जातात. बरीच घरं या पद्धतीनं चालतात, पण ते असो.

गाडीचे कागद मात्र चोख आहेत. मोटार वाहन कायद्यात पूर्वी अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणायचे. 2019 च्या दुरुस्तीनं तो शब्द गेला आणि 'अडॅप्टेड व्हेइकल' आला. 52 व्या कलमाखाली असा बदल करता येतो आणि तो गाडीच्या नोंदणी पुस्तकात चढवून घ्यायचा असतो. आमच्या पुस्तकात तो चढवलेला आहे. इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे. पण जोडकाम कुणाच्या हातचं, असा रकाना सरकारनं ठेवलेला नाही. "बरं झालं," अण्णा म्हणाले, "ठेवला असता तर तिथंही कुणीतरी अंदाजानंच भरला असता."

हे सगळं उपटलं ते चाकांवरून. गाडी मागून जराशी डावीकडे कललेली होती. अण्णांनी ओट्यावर बसल्या बसल्या मला दोन्ही टायरांवरचे आकडे वाचायला सांगितले. डावीकडे 3.50-8. उजवीकडे 4.00-8, म्हणजे रिक्षाचा टायर. अण्णा म्हणाले, "आठ अधिक साडेतीन दुणे सात, पंधरा. आठ अधिक चार दुणे आठ, सोळा. व्यासात एक इंच, उंचीत अर्धा. डावीकडे कलणारच. सातवीच्या पोराला जमेल." वास्तविक इथे टायर बदलून विषय संपायला हवा होता. टायर काढले तेव्हा तो सुरू झाला.

डाव्या रिमला चार भोकं होती. एकेकाळी गोल असावीत. आता नट ढिले राहून राहून लांबोळी झाली होती. उजव्या रिमला भोकं होती नऊ. पाच मूळची, बजाज सुपरच्या रिमला असतात तशी, आणि त्यांच्या अधेमधे कुणीतरी ड्रिलनं पाडलेली आणखी चार. दोन भोकांमधली एक पट्टी तडकलेली होती. पंक्चरवाल्या बंडूनं ती रिम उन्हाकडे धरून आरपार पाहिलं आणि म्हणाला, "अण्णा, हिच्यातनं रवा चाळून घ्या. रस्त्यावर नका काढू."

मग ही चाकं मिळायची कुठं? त्यासाठी आधी हे बाजूच्या चाकांचं किट कुणाचं ते कळायला हवं, असं एकमतानं ठरलं. एकमत तेवढंच. गल्लीतल्या तात्यांच्या मते काम शंभर टक्के सांगलीचं, कारण मडगार्डला असा बाक सांगलीकडंच देतात. इचलकरंजीचे एक पाहुणे आले होते, त्यांनी वेल्डिंगवरून बोट फिरवून "ह्यो हात आमच्याकडचा" असं जाहीर केलं. किराणावाल्या शेठनी पंजाब सुचवलं. एका तरुणानं मोबाइलवर फोटो काढून लगेच कुणाला तरी पाठवला आणि तैवान असं उत्तर आणलं. प्रत्येकानं जाता जाता टायरला, आणि टायर काढल्यावर नुसत्या हबला, लाथ घातली.

तेवढ्यात आडव्या पाइपवरच्या रंगाखाली काही अक्षरं असल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं. सगळी गल्ली जमली. रॉकेल आलं, तारेचा ब्रश आला. काळ्या रंगाखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली लाल. हळूहळू अक्षरं दिसू लागली: आय, एस, मग एक, दोन, तीन, नऊ. "मॉडेल नंबर सापडला!" तात्या ओरडले. 1239. तरुणानं मोबाइल काढला. शेठ म्हणाले, "बघा, एवढा मोठा नंबर म्हणजे माल कंपनीचाच." एकानं तर आपल्या साडूकडे हेच मॉडेल होतं असंही सांगून टाकलं.

कोपऱ्यावर नळाचं काम करणारा प्लंबर हात पुसत आला. त्यानं वाकून पाहिलं. "ही पाण्याची पाइप आहे," तो म्हणाला. "आयएस 1239 म्हणजे नळाच्या पाइपचं स्टँडर्ड. सव्वा इंची. निळा पट्टा निघाला तर बी क्लास, पिवळा निघाला तर ए, लाल असला तर सी, जड." अजून थोडं घासलं तर खरंच एक निळसर रेघ दिसली. "बी क्लास," प्लंबर समाधानानं म्हणाला, "टिकंल." अण्णांनी मला टेप लावायला सांगितली. सव्वा इंची पाइप बाहेरून बेचाळीस मिलिमीटर भरली, म्हणजे दीड इंचाहूनही जास्त. "ही सव्वा इंची?" मी विचारलं. प्लंबर म्हणाला, "तिला म्हणायचं सव्वा. मोजायची न्हाई." या एका वाक्यावर महाराष्ट्रातले बरेचसे व्यवहार उभे आहेत.

साडूकडे तसलंच मॉडेल असलेले गृहस्थ तेवढ्यात घरी निघून गेले.

ही भानगड फक्त आपल्याकडचीच आहे असं मात्र नाही. मोटरसायकलला तिसरं चाक लावायची खोड जगभर आहे. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसननं स्वतःच सर्वी-कार नावाची तीनचाकी काढली आणि 1932 पासून 1973 पर्यंत ती बनत राहिली. गॅरेजचा माणूस ती घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जायचा, गिऱ्हाइकाच्या मोटारीच्या बंपरला तिचंच नाक अडकवायचा आणि मोटार चालवत गॅरेजात परत यायचा. काम झालं की मोटार पोचवून सर्वी-कारवर बसून माघारी. दिल्लीत युद्धकाळातल्या हार्ले मोटरसायकलींना मागं बाकडी जोडून फटफट्या केल्या होत्या. 1998 मध्ये त्या प्रदूषणापायी बंद झाल्या, नाहीतर आजही धावल्या असत्या. सौराष्ट्रातला छकडो बुलेटचं तोंड घेऊन मागं अख्खं गाव वाहून नेतो. आणि अमेरिकेतले हौशी लोक फोक्सवॅगन बीटलचा मागचा भाग कापून मोटरसायकलच्या पुढच्या भागाला जोडतात. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न येतो, की ही कुठली, हिला रिम कुठली बसेल. पण बीटलच्या चाकाला 1967 पर्यंत 205 मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट होते आणि 1968 पासून 130 च्या वर्तुळावर चार आले. म्हणजे तिकडं भोकं मोजली की साल कळतं. आमच्याकडं भोकं मोजली की वाद सुरू होतो.

शेवटी अण्णांनी फर्मान काढलं, की हब सोडवून घ्या आणि उद्यमनगरात चला. मी हब, दोन्ही रिमा आणि अण्णा अशी वरात रिक्षात घातली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, फाउंड्री, पॅटर्न, ग्राइंडिंग सगळं हाकेच्या अंतरावर. तिथला एक म्हातारा टर्नर अण्णांच्या ओळखीचा. या माणसाची पहिली गोष्ट मला आवडली ती म्हणजे त्यानं कशालाही लाथ घातली नाही. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, खिशातून व्हर्निअर काढला आणि पाहिजे ते मोजून होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. मोजमाप वहीत नाही, लेथच्या पत्र्यावर खडूनं लिहिलं.

"स्टडच्या वर्तुळाला पीसीडी म्हणतात," त्यानं मला समजावलं. "चार स्टड असले की समोरासमोरचं अंतर धरायचं, झालं. तीन किंवा पाच असले की समोर कुणी नसतंय." पाचाचं गणित सांगितल्याशिवाय अण्णांना राहवेना. दोन शेजारच्या स्टडमधलं अंतर घ्यायचं आणि 1.7 नं गुणायचं. साइन छत्तीस अंश वगैरे पायऱ्याही त्यांनी सांगितल्या. टर्नर ऐकून म्हणाला, "मास्तर, मी ते कागदावर छाप घेऊन करतो, पण तुमचंबी बरोबर येतंय." दोघांच्या चेहऱ्यावर अशी शांती पसरली की मला थोडं बाहेर जाऊन उभं राहावंसं वाटलं.

मग बेअरिंग. काळं वंगण पुसल्यावर कडेवर आकडा दिसला: 6203. मी लगेच विचारलं, की यावरून बनावट कळेल का? टर्नर हसला. "6203 म्हणजे आतलं भोक सतरा, बाहेरून चाळीस, जाडी बारा. कोल्हापुरात बी तेवढंच, जर्मनीत बी तेवढंच. शेवटचे दोन आकडे बघायचे. शून्य चारपासून पुढं पाचानं गुणा, भोकाचं माप येतं. त्याच्या खालचे अपवाद, शून्य तीन म्हणजे सतरा." जगात सगळीकडं ज्याचा अर्थ एकच निघतो अशी वस्तू मी पहिल्यांदाच हातात धरली होती. साहजिकच गाडी कुणाची हे तिच्यावरून कळणं शक्य नव्हतं.

स्टडच्या वर्तुळावर मात्र तो जरा थबकला. खडूचा आकडा पुन्हा पाहिला. "हे लॅम्ब्रेटाचं वाटतंय. ज्यानं किट केलं त्याच्या दुकानात लॅम्ब्रेटाचा हब पडून असणार. त्यानं त्याचा नमुना धरला." लॅम्ब्रेटा म्हणजे इटलीची. आपल्याकडं मुंबईत एपीआयनं ती बनवली आणि पुढं लखनौच्या सरकारी कारखान्यातून तिचीच बहीण 'विजय सुपर' नावानं रस्त्यावर आली. जुन्या एलडी लॅम्ब्रेटाला आठ इंची चाकं असायची. पण ती रिम आता एकतर भंगारात वितळली असणार, नाहीतर कुणा हौशी माणसाच्या दिवाणखान्यात पॉलिश होऊन बसली असणार. तो ती विकणार नाही. तिच्यावर बोलेल मात्र तासभर.

विजय सुपरची रिम मिळाली. टर्नरच्याच ओळखीतून, एका बंद गोठ्यातून. चार भोकं, अगदी आपली. तात्यांनी तिच्यावर एक चापट मारून "म्हणलं नव्हतं?" असं विचारलं. त्यांनी नेमकं काय म्हटलं होतं ते कुणाला आठवेना. दुसऱ्या बाजूला टर्नरनं आपल्याकडची एक नमुन्याची रिम तात्पुरती दिली. नट बसले. घोडी काढली. अण्णा बसले, बटण दाबलं, ॲक्सिलरेटर पिळला. इंजिननं असा काही आवाज काढला की गाडी थेट पंचगंगेपर्यंत पोचावी. गाडी मात्र जागेवर.

मधलं चाक गरगर फिरत होतं, हवेत.

अण्णांनी इंजिन बंद केलं आणि गाडीवरूनच म्हणाले, "विजय सुपरची रिम दहा इंची. दहा अधिक सात, सतरा. आठ इंची पंधरा. निम्मा फरक एक इंच. बाजूची चाकं गाडीला एक इंच उचलतायत. कुणी मोजलं होतं का?" कुणीच बोललं नाही. पाच भोकांची आठ इंची रिम उंचीला बरोबर, भोकांना चूक. चार भोकांची दहा इंची रिम भोकांना बरोबर, उंचीला चूक. आमच्या गल्लीत दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर असण्याची ही पहिलीच वेळ होती आणि तरी गाडी हलत नव्हती.

तोडगे लगेच निघाले. शेठ म्हणाले, मधल्या चाकाला मोठा टायर घाला. तात्या म्हणाले, मधल्या चाकात हवा जास्त भरा. तैवानवाला तरुण म्हणाला, बाजूच्या चाकांतली हवा कमी करा. आणखी कुणीतरी मध्ये प्लेट टर्न करून चार भोकांची पाच करायचा उपाय सांगितला. तो वाईट नव्हता, पण प्लेटच्या जाडीनं गाडी दोन्ही बाजूंना रुंद झाली असती आणि अण्णांचं फाटक आधीच केसभर अंतरानं पार होतं. टर्नरनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "चाक कशाला बदलताय? कान वर घ्या."

बाजूच्या चाकाचा आस, म्हणजे स्टब, ज्या पट्टीवर, म्हणजे कानावर, वेल्ड केलेला होता ती पट्टी ग्राइंडरनं सोडवून बरोबर एक इंच वर घेतली. दोन्ही बाजूंना गुण्या लावून, माप पुन्हा पुन्हा तपासून. बाजूच्या चाकांना थोडी स्प्रिंग ठेवली, म्हणजे स्पीडब्रेकरवर ती वर चढली तरी मधलं चाक जमीन सोडणार नाही. आता अण्णा बसले की मधलं चाक रस्त्याला घट्ट धरतं.

जाता जाता चालवण्याबद्दल थोडं सांगून ठेवतो, कारण गाडी दुरुस्त झाली असं कळताच गल्लीतल्या प्रत्येकाला एक चक्कर हवी होती. दुचाकीवाला वळणावर अंग झुकवतो आणि त्याबरोबर गाडी वळते. ही गाडी झुकत नाही. तिचं हँडल फिरवावं लागतं, आणि वेगात फिरवलं तर आतल्या बाजूचं चाक उचलतं. तात्यांनी चौकात मोठ्या ऐटीत अंग डावीकडं टाकलं. तात्या डावीकडं गेले, गाडी सरळ गेली आणि दोघांची पुन्हा गाठ पडली ती देशपांड्यांच्या तुळशीवृंदावनापाशी. अण्णांनी किल्ली खिशात घातली आणि तेव्हापासून तिला कुणाला हात लावू दिलेला नाही. लाथ तर नाहीच नाही.

राहता राहिली टर्नरची नमुन्याची रिम. ती त्याला परत हवी आहे आणि त्याचं बरोबर आहे. नमुना गिऱ्हाइकाच्या गाडीवर फिरत राहिला तर तो नमुना कसला. तेव्हा वाचकांना एक विनंती. विजय सुपरची दहा इंची, चार भोकांची एक रिम कुणाच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा दिवंगत काकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून असेल, तर कृपया मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. गंज असला तरी चालेल, टायर नसला तरी चालेल. भोकं गोल असावीत. स्टडच्या वर्तुळाचं माप व्हर्निअरनं घेऊन सोबत लिहावं, म्हणजे अण्णा खूश होतील. किंमत सांगावी, थोडी घासाघीस होईल. ही गाडी मुळात कुठल्या बनावटीची आहे, हे मात्र कृपया कुणीही कळवू नये.